दूध पुरत नाही म्हणे

विंचूर माझं माहेर. इतिहासाच्या पुस्तकात गावाचं नाव येतं ते सरदार विंचूरकरांमुळे. विठ्ठल शिवदेव १७६१ साली पानिपतावर लढले आणि तिथून जिवंत परत आले, हे आम्हाला शाळेत गुरुजी अभिमानानं सांगायचे. आमच्या घरातलं त्या लढाईत कोणी होतं की नाही, देव जाणे. आमच्या घराचा जो इतिहास मला माहीत आहे तो ओसरीमागच्या अंधाऱ्या खोलीतला, बाळंतिणीच्या बाजेभोवतीचा. तो कुणी लिहून ठेवला नाही. म्हणून आता मी लिहिते.

१९८५च्या डिसेंबरात माझी थोरली मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. निफाड तालुक्यातली थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. बाजेखाली शेगडी, खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी, कानाला फडकं. सुईण आजीबाईनं नाळ कापली, पोरीला न्हाऊ घातलं आणि माझ्या आजीच्या मांडीवर ठेवलं. आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. वय सत्तरीच्या घरात, पण सगळा कारभार तिच्या हातात.

पहिले तीन दिवस पोरीला माझ्या अंगावर घेऊ दिलं नाही. मधाचं बोट आणि एरंडेलाचा थेंब. पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायचा. "जड असतो, पोराला बाधतो," असं सगळ्याच म्हणत. ही रीत काही आमच्याच घरची नव्हती. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत, शंभर वर्षांमागे, हेच लिहिलेलं सापडतं: पहिले तीन दिवस मध आणि एरंडेल, मग आईचं दूध. त्याच्याही मागे सुश्रुतसंहितेत म्हटलंय की दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवर मध-तूप चाटवावं. एकदा लिहिलं गेलं ते दीड-दोन हजार वर्षं चाललं. गंमत अशी, की त्याच आठवड्यात आमची म्हैस व्याली होती. तिचा चीक कुणी टाकला नाही. त्याचा खरवस करून गल्लीभर वाटला. म्हशीचा चीक अमृत आणि माझा गटारात!

चौथ्या दिवशी पोर अंगावर लागली आणि तिथून आमच्या घराची झोप गेली.

ती पीत नव्हती असं नाही. दर तासाला पीत होती. पिऊन सोडली की पाच-दहा मिनिटांत दह्यासारखं फाटलेलं दूध बदकन टाकायची. झबलं बदल, दुपटं बदल. मग पाठ धनुकलीसारखी ताठ करायची, मान मागं फेकायची, तोंड लालबुंद, आणि असा टाहो की वाड्यातली कुत्री उठायची. टाकलं म्हणजे पोट रिकामं, म्हणून परत भूक, परत अंगावर, परत टाकणं. आडवी केली की रडणार, खांद्यावर घेतली की जरा गप्प. तिन्हीसांजेला तर ठरलेलं. दिवा लागला की सूर लागायचा तो कोंबडं आरवायच्या जरा आधी थांबायचा.

तिन्हीसांजेला रडतं ते पोर दृष्टावलेलं, हे उघडच होतं. मीठ-मोहऱ्या, लाल मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबरी. सटवाईला नारळ फोडला. मग आजीनं सहाण काढली. हळकुंड, हिरडा, बेहडा, मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, काकडशिंगी, अतिविष, सुंठ, जेष्ठमध, खारीक, बदाम, सगळ्याचे मोजून वळसे. ही बाळगुटी. कोणत्या तक्रारीला कशाचा वळसा वाढवायचा, हे तिला पाठ होतं. पोटफुगीला मुरुडशेंग, ओकारीला काकडशिंगी. पोर गुटी प्यायची आणि तीही टाकायची.

तिसऱ्या आठवड्यात मी पार थकले. बाजेवर बसल्या बसल्या डोळा लागे आणि पोर मांडीवरून घसरेल या भीतीनं दचकून जागी होई. एकदा रात्री मला तिचा राग आला. खरा राग. हातातलं दुपटं मी भिंतीवर फेकलं आणि मग स्वतःचीच भीती वाटून रडत बसले. ही गोष्ट मी तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारची एक मावशी बघायला आली. माझा अवतार बघून आईच्या कानाला लागली, "अगं, जरासं गुंगीचं द्या की. नखावर मावंल एवढं. पोरगी बी झोपंल आन् लेकरू बी झोपंल." आजी दारात तांदूळ निवडत होती. ती सूप टाकून उठली. मोठ्यानं कधी न बोलणारी बाई, तिनं त्या मावशीला हाताला धरून उठवलं आणि ओसरीच्या पायरीपर्यंत नेऊन सोडलं. "परत ह्या घरात ते नाव काढू नको."

त्या रात्री पोर रडत होती तेव्हा आजी शेगडीपाशी येऊन बसली. पोरीला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "तुझ्या बापाच्या पाठीवर मला आणखी एक पोरगा झाला व्हता. तुला कुणी सांगितलं नसंल."

ती गोष्ट १९३६च्या आसपासची. आजी तेव्हा विशीतली. निंदणीचे दिवस. घरात करायला माणूस नाही. पोराला झोळीत घालून बांधाच्या बाभळीला टांगायचं आणि पाथीला लागायचं. पोर रडलं की पाथ मोडते, पाथ मोडली की मुकादम बोलतो. सगळ्याच बाया देत होत्या, तिनंही दिलं. अफू. बाजारातल्या परवान्याच्या दुकानात उघड मिळायची. मोहरीएवढी गोळी, दुधात किंवा मधात कालवून बोंडल्यानं पाजायची. पोर दुपारभर गाढ झोपे. महिनाभरानं मोहरीएवढीनं भागेना, म्हणून ज्वारीएवढी झाली. "रडत नव्हतं, म्हणून भूक लागली का नाय ते बी मला कळंना. अंगावर घेतलं तरी ओढायचं नाय. माझं दूध बी आटलं." एके दिवशी दुपारच्या सुट्टीत ती झोळीपाशी गेली. पोर झोपेतच होतं. झोपेतच राहिलं.

"पोरी," आजी म्हणाली, "हे रडू राहिलं ना, रडू दे. रडू राहिलं म्हणजे जितं हाये."

तिनं त्या पोराचं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही. तिच्या तोंडून मी ते आयुष्यात दोनदाच ऐकलं.

पुढं वाचनाची सवय लागली तेव्हा मी ह्या गोष्टीचा माग काढला. आजी एकटी नव्हती, हे कळायला मला पुस्तकांपर्यंत जावं लागलं. सरकारनं १८९३ साली अफूवर मोठं कमिशन नेमलं होतं. त्याच्यापुढं पश्चिम हिंदुस्थानातल्या कितीतरी जणांनी, तान्ह्या पोरांना अफू देण्याची चाल आहे, असं सांगितलं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका पोरांना जी गोळी देत तिला बाळगोळीच म्हणत. १९२२च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हा कामगार बायकांच्या जवळजवळ सगळ्या तान्ह्यांना अफू दिली जाते असं त्यांना आढळलं. बारा-बारा तास आई यंत्रापाशी, पोर चाळीत. दुसरं काय करणार?

आणि हे अडाणीपण फक्त आपलंच, असंही नाही. साहेबाच्या देशात कापडगिरण्यांच्या गावांत बायका पोरांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' पाजत, त्यातही अफूच. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाची बाटली घरोघरी होती, तिच्यात मॉर्फिन. बाटलीत काय आहे ते वर लिहा, असं तिथल्या सरकारनं १९०६ साली कायद्यानं सांगितलं तेव्हा कुठं आयांना कळलं. जिथं जिथं आईला कामावर जायची घाई होती, तिथं तिथं पोराला झोपवायची गोळी निघाली.

ह्यावरचा खरा उतारा औषधात नव्हताच, तो सुट्टीत होता. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या भरपगारी रजेचं बिल आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. १९२९ साली कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या बायकांसाठी. आमच्या बांधावरच्या बायकांना तो आजही लागू नाही. अफूची खुली विक्री १९५९ साली बंद झाली आणि अमली पदार्थांचा मोठा कायदा आला तो १९८५च्या नोव्हेंबरात, माझ्या मुलीच्या जन्माच्या महिनाभर आधी. शेजारणीच्या नखावरचं 'गुंगीचं' तरीही कुठून तरी यायचंच.

अफूतून वाचलो, पण डब्यातून वाचलो नाही. पोर सव्वा महिन्याची झाली आणि घरात निकाल लागला: दूध पुरत नाही. दर तासाला पिते, तरी रडते, म्हणजे उपाशी, असा साधा हिशोब. मलाही पटला. छाती पहिल्यासारखी दाटत नव्हती. भाऊ बाजारातून दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन आला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. विहिरीचं पाणी, चुलीवर कोमट केलेलं, आणि डबा लवकर संपू नये म्हणून पावडर जरा हात राखून. बाटली राखेनं धुवायची. पहिले दोन दिवस पोर झोपली. आम्ही सगळे देवाला हात जोडून मोकळे. पाचव्या दिवशी जुलाब लागले. सातव्या दिवशी डोळे खोल गेले, टाळू बसली.

आमच्या भागात एक नर्सबाई सायकलवर यायच्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्या नेमक्या त्या दिवशी लसीचं सांगायला आल्या. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग एक शब्द न बोलता त्यांनी पाणी उकळायला लावलं, पाकिटातली भुकटी कालवली आणि चमच्या-चमच्यानं दिवसभर पाजलं. जाताना बाटली पिशवीत घालून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी झोळीचा काटा आणून तुळईला टांगला. पाचवीला वजन झालं होतं २ किलो ६००. आता भरलं ३ किलो १००. सिस्टर वहीत बघून म्हणाल्या, "जुलाबाच्या आधी, महिन्याची असताना ही ३ किलो ३०० होती. अहो, पोर उपाशी असती तर एवढं वजन आलं कुठून?" आई गप्प. मग त्यांनी विचारलं, "दिवसाला लंगोट किती ओले होत होते?" आई म्हणाली, "मोजतंय कोण? धुऊन धुऊन हात सोलले." "मग तेच की. आत गेल्याबिगर बाहेर येत नाही."

त्यांनी सांगितलेलं मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलंय. दूध हे विहिरीसारखं असतं, उपसलं की झरे मोकळे होतात. पोर जितकं ओढतं तितकं उतरतं. बाटली दिली की ओढणं कमी, म्हणून दूध कमी, म्हणून आणखी बाटली. महिन्याभरानं छाती दाटत नाही ती दूध आटलं म्हणून नाही, पोराच्या मागणीशी मेळ बसला म्हणून. तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, संध्याकाळी तर लागोपाठ. आणि टाकण्याचं कारण: अन्ननळी जिथं पोटाला मिळते तिथलं झाकण अजून सैल आहे. पोट चिंचोक्याएवढं, अन्न पातळ, पोर सदा आडवं. मग उलटून येणारच. येताना आंबट येतं, घशाला जळजळतं, म्हणून पोर ताठ होतं. "बसायला लागली की कमी होईल. वर्षाची झाली की विसराल."

तोवर काय करायचं? पाजून झालं की अर्धा तास खांद्यावर उभं धरायचं, पाठीवर थोपटून ढेकर काढायची. एका वेळी पोटभर कोंबायचं नाही. पोटावर कमरपट्टा आवळायचा नाही. पाजल्याबरोबर तेल लावून पाय पोटाशी दुमडायचे नाहीत. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. आणि आजीकडे वळून, "आजीबाई, रात्री दोन तास पोर तुमच्या खांद्यावर. हिला झोपू द्या. आई झोपली की दूध येतं."

गुटी बंद म्हटल्यावर आजी भांडेल असं मला वाटलं. ती नुसती म्हणाली, "सहाण घासाया माझं बी मनगट दुखतंया." आणि त्या रात्रीपासून पोर तिच्या खांद्यावर. ती ओसरीत येरझारा घालायची, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा सलग दोन तास झोपले. आठ-दहा दिवसांत दूध परत भरलं. अडीच महिन्यांची झाली तेव्हा काटा ४ किलोवर गेला. टाकणं चालूच होतं, रडणंही. पण आता आम्ही घाबरत नव्हतो. सातव्या महिन्यात बसायला लागली आणि झबली कोरडी राहू लागली.

हे सगळं जगभर कसं घडलं ते मला फार उशिरा कळलं. पावडरीच्या डब्यांनी गरीब देशांत जे झालं त्यावरून १९७७ साली अमेरिकेत एका बड्या कंपनीच्या मालावर बहिष्कार पडला, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहिरातींवर बंधनं घालणारी संहिता केली, आणि आपल्याकडं १९९२ साली कायदा झाला. आता डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही. आमच्या डब्यावरचं ते गुटगुटीत बाळ मला आजही दिसतं. आणि १९८९ साली, मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. जे आम्ही पिळून टाकत होतो ते तिथं दुसऱ्याच्या बाळासाठी जपून ठेवू लागले.

सिस्टरांचा काटा आणि वही ही केवढी मोठी गोष्ट होती, तेही पुढं समजलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी तान्ह्या बाळांकडं लक्ष दिलं, आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते जगापुढं आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा येतात, काटा घेऊन येतात, त्याचं मूळ तिथं आहे. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं तेव्हा त्यांना वेळेवर कुणी डॉक्टर मिळाला नव्हता. ते दुःख घेऊन त्या समुद्रापार गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. आमच्या सिस्टर सायकलवर आल्या, तो रस्ता तिथून सुरू होतो असं मला वाटतं.

२०१४ साली माझी ती मुलगी स्वतः बाळंतीण झाली, नाशिकला. तिचा मुलगा दूध टाकू लागला, ताठ होऊ लागला, आणि दिवे लागले की सूर. मी हसले. ती रडत होती, म्हणून लगेच गप्प झाले. तिच्या सासूबाईंनी ग्राइप वॉटर आणून ठेवलं होतं. ते नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ साली काढलं. सोडा, साखर, बडीशेपेच्या जातीच्या बियांचं तेल, आणि तेव्हा दारूही. ती बी म्हणजे आपला बाळंतशेपाच! आम्ही आईनं चघळावी म्हणून दिली, साहेबानं पोराला पाजली.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, लंगोटांचं विचारलं आणि सांगितलं, "रिफ्लक्स आहे. तीन महिन्यांच्या आतली जवळजवळ अर्धी बाळं रोज असं दूध टाकतात. वजन वाढतंय, औषध नको. झोपवायचं मात्र पाठीवरच." मग बजावलं: उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, प्रत्येक पाजणीनंतर पिचकारीसारखी लांब उडू लागली, वजन थांबलं, लघवी कमी झाली, ताप आला किंवा बाळ मलूल पडलं, तर रात्र-दिवस न बघता घेऊन या. पिचकारीसारखी उलटी करून लगेच अधाशासारखं पिणाऱ्या बाळाच्या पोटाचं खालचं दार कधी कधी आवळलेलं असतं, त्याला ऑपरेशनच लागतं. हे ऐकताना मला वाटलं, बाभळीखाली, ओसरीत, किती पोरं 'दृष्ट लागून' गेली असतील.

रात्री मी नातवाला खांद्यावर घेतला आणि मुलीला म्हटलं, "तू झोप. दोन तास माझे." ती म्हणाली, "आई, मला मघाशी त्याचा इतका राग आला... मी वाईट आई आहे का गं?" तेव्हा मी तिला भिंतीवर फेकलेल्या दुपट्याची गोष्ट सांगितली. आणि मग आजीची. म्हटलं, असा राग आला की पोराला खाली पाळण्यात ठेवायचं, दार लोटून बाहेर यायचं, कुणाला तरी हाक मारायची. तेवढी रडली तर काही होत नाही.

आजी १९९१ साली गेली. तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली एक पितळी डबी निघाली, नखाएवढी, रिकामी, घासून लख्ख केलेली. आईनं विचारलं, ही कसली? मी म्हटलं, असेल काजळाची. ती डबी माझ्याकडं आहे. तिच्यात मी काही ठेवत नाही.